गडग्यावरची गजाल

“कोणाची गो ती?”

काकींचा पहिला प्रश्न हाच. पुस्तक कसलं, त्यात घडतं काय, वाचावं की वाचू नये, ही चौकशी मागाहून. आधी लिहिणाऱ्या बाईचं घर कळलं पाहिजे.

शेजारची सून पुण्याहून लॅपटॉपसकट आलेली आहे. दुपारी तिची मीटिंग आटोपली की ती गडग्यावर कोपरं टेकून उभी राहते. अलीकडे आमच्या खळ्यात मी आणि काकी रातांबे फोडत असतो. परवा तिच्या हातात मार्गारेट अ‍ॅटवूडची ‘द हँडमेड्स टेल’ होती, वाचून वाचून पार खिळखिळी झालेली.

“कॅनडाची,” सून म्हणाली.

“ता झाला गो. लगीन झालेला काय तिचा? पोरटोर?”

“एक मुलगी आहे. आणि हिचे वडील किड्यांचे शास्त्रज्ञ होते. लहानपणी ही त्यांच्याबरोबर जंगलात राहायची.”

“किड्यांचे?” काकींनी हातातला रातांबा खाली ठेवला. “मगे ह्या चेडू असलाच कायतरी लिवतला.”

ओळख पटली. आता गोष्ट ऐकायला हरकत नव्हती.

सुनेनं ती आडपडदा न ठेवता सांगितली. अमेरिकेच्या एका भागात धर्माच्या नावानं काही माणसं सत्ता बळकावतात. एका दिवसात बायकांची बँकखाती गोठतात, त्यातला पैसा नवऱ्याच्या नाहीतर जवळच्या पुरुषाच्या ताब्यात जातो, नोकऱ्या सुटतात. प्रदूषणानं आणि रोगराईनं मुलं होईनाशी झालेली, म्हणून ज्यांना होऊ शकतात अशा बायका धरून बड्या अधिकाऱ्यांच्या घरी नेमून देतात. त्यांना लाल झगा आणि पांढरी टोपी, अधिकाऱ्यांच्या बायकांना निळा, स्वयंपाकघरातल्यांना हिरवा. लिहिणं-वाचणं बंद, दुकानांच्या पाट्यांवरचीसुद्धा अक्षरं पुसून नुसती चित्रं ठेवलेली. नेमलेल्या बाईचं स्वतःचं नाव जातं आणि मालकाचं लागतं. फ्रेडच्या घरी आहे म्हणून ती ‘फ्रेडची’. महिन्यातून एकदा काय होतं ते सांगताना सुनेनं आवाज खाली आणला. तो का आणला ते काकींना कळलं नाही.

“आणि ह्या सगळ्यांका धाकात कोण ठेवता? बापये?”

“नाही. ‘आंट’ म्हणून बायका असतात. हातात गुरं हाकायची विजेची काठी. त्यांच्यातली मुख्य आंट लिडिया.”

“म्हंजे सासू.”

सून इतकी हसली की गडग्यावरचा सुटा दगड आमच्या बाजूला पडला.

या लिडियावरून जगभरच्या वाचकांत भांडणं झाली आहेत, ती काकींनी एका शब्दात मिटवून टाकली. एक पक्ष म्हणतो, बायकांवर जुलूम करायला बायकाच उभ्या केल्या म्हणजे पुरुष सुटले. दुसरा म्हणतो, असं केल्याशिवाय असली राज्यं चालतच नाहीत. २०१९ साली अ‍ॅटवूडनं पुढचा भाग काढला, ‘द टेस्टामेंट्स’. त्यात ही लिडियाच बोलते. पूर्वी ती न्यायाधीश होती, जीव वाचवायला सत्तेला मिळाली, आणि आतून सगळ्यांची लफडी लिहून ठेवत राहिली. त्या वर्षीचं बुकर त्या पुस्तकाला आणि बर्नार्डिन एव्हरिस्टोच्या कादंबरीला वाटून दिलं गेलं. वाटून द्यायचं नाही असा नियम असताना. सुनेला दुसरा भाग जास्त आवडतो. मला नाही आवडत. पहिल्यात त्या बाईला टोपीच्या पंखांतून जेवढं दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं, म्हणून छातीवर दडपण येतं. दुसऱ्यात सगळी दारं उघडी आणि पोरी पळून जाण्याचा थरार. वाचायला बरं, पण रात्री आठवत नाही.

“ती लिडिया काय जन्मान वायट नसता,” काकी म्हणाल्या. “तिका पण कोणीतरी काठी दाखवलेली असता.” काकींनी सासूही भोगली आहे आणि सासूपणही, त्यामुळे या मुद्द्यावर त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

एवढ्यात समोरून नाना आले. नाना हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झालेले. पेपर सकाळीच वाचून होतो, मग दिवसभर कान मोकळे. आमचं नांदगाव म्हणजे हायवेवरचा तिठा, देवगडला जाणारा इथंच वळतो, आणि वळताना कायतरी सांगून जातो. त्या सगळ्या बातम्या नानांच्या पडवीत जमा होतात. आज त्यांनी आमचीच ऐकली होती.

“अतिरेक आहे हो हा सगळा,” ते म्हणाले. “असं एका दिवसात कुठं होतं? आणि झालं तर तिकडे होईल. आपल्याकडे बाईला देवी मानतात.”

“गवरीक पण तिसऱ्या दिवशी व्हाळात सोडतत ना?” काकी मान वर न करता म्हणाल्या.

नानांना एकटं पाडायचं नाही म्हणून सांगते. पुस्तक १९८५ साली आलं, आणि पुढच्याच वर्षी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये मेरी मॅकार्थीसारख्या कसलेल्या लेखिकेनं त्याला नाक मुरडलं. हे भय ओळखीचं वाटत नाही, म्हणून अंगावर येत नाही, असा तिचा सूर होता. म्हणजे नाना म्हणतात तेच. त्याच पुस्तकाला कॅनडाचा गव्हर्नर जनरल पुरस्कार मिळाला, बुकरच्या अंतिम यादीतही ते गेलं. मॅकार्थीला जे ओळखीचं वाटलं नाही ते २०१७ नंतर लोक अंगावर घालून फिरू लागले. टीव्हीवर मालिका आली, आणि अमेरिकेत, आर्जेन्टिनात, पोलंडात गर्भपाताच्या कायद्यावरून मोर्चे निघाले तेव्हा बायका लाल झगे आणि पांढऱ्या टोप्या घालून सभागृहांबाहेर मुकाट उभ्या राहिल्या. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं जवळजवळ पन्नास वर्षांचा गर्भपाताचा हक्क काढून घेतला, तेव्हा ‘एका दिवसात कुठं होतं’ हे वाक्य जरा लंगडं झालं.

“पण ही फॅशन झाली हो,” नाना हटले नाहीत. “बायकांचे हाल लिहा आणि विका.”

यात तथ्य आहे, मी ते तिथंच मान्य केलं. त्या लाल झग्याचा तोकडा, मादक अवतार एका कंपनीनं २०१८ साली हॅलोविनसाठी विकायला काढला होता. ओरड झाली तेव्हा मागे घेतला. मालिकेचे पुढचे सीझन पाहून तर मलाही वाटलं की बाईच्या चेहऱ्यावर कॅमेरा इतका वेळ कशाला धरून ठेवतात, तिला मारताहेत ते आम्हाला कळलंय. हाल दाखवता दाखवता हालांचीच चटक लागते. आमच्या दशावतारातही द्रौपदीचं काम करणारा पुरुष एकदा रडायला लागला की मागच्या बाकावरून ‘आणि एकदा’ म्हणणारे निघतातच.

मग सुनेनं तिचं मुख्य शस्त्र काढलं. अ‍ॅटवूडनं ही कादंबरी १९८४ साली पश्चिम बर्लिनमध्ये लिहायला घेतली, तिथली भिंत उभी असताना, आणि स्वतःला एक अट घातली. माणसानं कुठे ना कुठे, कधी ना कधी करून ठेवलेलं नाही असं काहीही आत येऊ द्यायचं नाही. रुमानियात चाउशेस्कूनं १९६६ साली गर्भपातावर बंदी घातली, पुढे कारखान्यांत जाऊन बायकांच्या तपासण्या केल्या, कोणाला दिवस गेलेत ते पाहायला. आर्जेन्टिनात लष्करानं कैदेत बाळंत झालेल्या बायकांची मुलं काढून आपल्या माणसांच्या घरी दिली.

“हे सगळं परदेशातलं,” नाना म्हणाले.

“बीड परदेशात आहे?” सून म्हणाली.

नाना गप्प झाले, कारण ही बातमी त्यांनीच तेव्हा आम्हाला वाचून दाखवली होती. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, आणि त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल आधीच घेतलेली. बाईनं एक दिवस खाडा केला तर मुकादम दंड लावतो, आणि पाळी तर दर महिन्याला येते. फडावर ना संडास ना पाणी, आजार वाढतात, डॉक्टरकडे गेलं की कॅन्सरची भीती घालतात, आणि पिशवी काढून टाकली की कटकट मिटली. विशी-तिशीतल्या बायका. अ‍ॅटवूडच्या गोष्टीत पिशवीसाठी बाई ठेवतात. इथं कामासाठी पिशवी ठेवत नाहीत. कोणी हुकूम काढला नाही, कोणी झगे शिवले नाहीत. नुसता हिशोब होता. हे असं मॅकार्थीला कोणी सांगितलं असतं तर तिनं ते कादंबरी म्हणून छापू दिलं नसतं, फार ठोकळेबाज आहे म्हणून.

“पण कोकणात असं नाही,” नाना. “आपल्याकडे बायका जास्त आहेत पुरुषांपेक्षा.”

आहेत. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गात हजार पुरुषांमागे १,०३६ बायका. पण त्या जास्त आहेत कारण पुरुष मुंबईला आहेत. सहा वर्षांखालची पोरं मोजली तर हजार मुलग्यांमागे साडेनऊशे मुलीसुद्धा भरत नाहीत, आणि सहा वर्षांची पोरं काही गिरणीत जात नाहीत. जयंत नारळीकरांची ‘पुत्रवती भव’ ही कथा नानांनीच शाळेत मुलांना वाचून दाखवलेली. हवा तर मुलगाच होईल अशी सोय विज्ञानानं करून दिली तर काय होईल, असं कल्पून लिहिलेली. पोटातलं लिंग बघण्यावर बंदी घालणारा कायदा महाराष्ट्रात १९८८ साली आला, देशात सर्वांत आधी. म्हणजे कल्पना करायला फारशी जागा उरलीच नव्हती.

आता आमच्या आशाताई आल्या. त्या बौद्धवाडीतून निघून गरोदर बायकांची यादी करत करत येतात आणि आमच्या गडग्याशी पाणी पितात. सुनेनं त्यांनाही गोष्ट सांगितली, थोडक्यात. आशाताईंनी तांब्या रिकामा केला.

“तुमच्या पुस्तकात ता फुडे होवचा आसा ना? आमच्या आजयेचा ता होवन गेला.”

त्या पुढच्या घरी निघूनही गेल्या. त्यांना वेळ नव्हता.

या वाक्यावर आम्ही बराच वेळ घालवला. कारण अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वाचकांनी अ‍ॅटवूडला नेमकं हेच सुनावलं आहे. मालकाचं नाव लावणं, वाचायला बंदी, पोटचं पोर काढून नेणं, मालकानं अंगाला हात लावणं, हे सगळं गुलामीत त्यांच्या आज्या-पणज्यांनी सोसलं. अ‍ॅटवूडनं ते उचललं, गोऱ्या बाईच्या अंगावर घातलं आणि त्याला भविष्य म्हटलं. काळी माणसं मात्र दोन-चार ओळींत कुठंतरी हलवून टाकली. आमच्याकडे उर्मिला पवारांचं ‘आयदान’ २००३ साली आलं, इथलंच, रत्नागिरीकडच्या फणसवळ्याचं. त्यातल्या बायका डोक्यावर भारे घेऊन बाजाराला जातात आणि सवर्णांच्या दारात त्यांना लांबूनच वस्तू टाकतात. याच पट्ट्यातल्या देवळांना भाविणी वाहिलेल्या असत. त्यांचा जन्म कोणाचा, त्या राहणार कोणाच्या, हे सगळं त्यांना न विचारता ठरलेलं. मुंबई इलाख्यात त्यावर कायदा यायला १९३४ साल उजाडलं. आरवलीच्या जयवंत दळवींनी ‘महानंदा’ लिहिली ती असल्याच एका घरावर. ती वाचून आमच्या लोकांना वाईट वाटलं. भय वाटल्याचं मात्र मी कोणाकडून ऐकलं नाही. आपल्यावर येणार नाही याची खात्री असली की माणूस डोळे पुसतो आणि जेवायला बसतो.

“मग इतिहास म्हणूनच लिहा ना,” नाना पुन्हा उभे राहिले. मास्तर हरत नाहीत. “घडलंय ते घडलं तसं सांगा. भविष्य म्हणून लोकांना घाबरवायचं कशाला?”

मी ह्याचीच वाट पाहत होते.

“नाना, मराठीत भविष्य म्हणून लोकांना कोणी घाबरवलं सांगू? नारायण बापूजी कानिटकरांनी. १८८६ साली.”

‘तरुणीशिक्षण नाटिका’ हे त्या नाटकाचं नाव. पुण्यात मुलींचं हायस्कूल निघून जेमतेम दोन वर्षं झाली होती. मुली शिकल्या, त्यांना स्वातंत्र्य मिळालं, तर पुढे काय अनर्थ होईल त्याचं हे भविष्यकथन. पुस्तकाच्या मोठ्या नावात तो शब्दच घातला होता, भविष्यकथन. म्हणजे बाईच्या भविष्याची एवढी जुनी धास्ती आमच्याकडे एका पुरुषानं लिहिली, आणि तिच्यातलं भयानक चित्र कुठलं? बाई वाचते आहे, बोलते आहे, घराबाहेर पडते आहे. अ‍ॅटवूडच्या राज्यात जे बंद केलंय ते कानिटकरांच्या नाटकात सुरू झालंय, आणि दोघांचेही वाचक आपापल्या जागी घाबरलेले.

आणखी गंमत पुढे आहे. आडनाव तेच, घर निराळं. काशीबाई कानिटकर, जन्म १८६१. लग्नानंतर चोरून-लपून अक्षर ओळखायला शिकलेली बाई, पुढे आनंदीबाई जोशींचं चरित्र लिहिणारी. हिनं १९२८ साली ‘पालखीचा गोंडा’ ही कादंबरी छापली. तिच्यात एका संस्थानाचा कारभार बायकांच्या हाती येतो आणि तो नीट चालतो. झालं, एवढंच. नारायणरावांना ज्या चित्रानं दरदरून घाम फुटला असता ते काशीबाईंनी सणाच्या रांगोळीसारखं हौसेनं काढलं. तिच्याही आधी, १९०५ साली, बंगालच्या रुकय्या सखावत हुसेन हिनं इंग्रजीत ‘सुलतानाज् ड्रीम’ लिहिली. पुरुष पडद्यात सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक करताहेत आणि बायका विमानं उडवताहेत. नवऱ्यानं ती उभ्या उभ्या वाचली आणि म्हणाला, हा तर भयंकर सूड आहे. नवरा बरा होता बिचारा, त्यानंच ती छापायला लावली.

काकींना ही गोष्ट फार आवडली. फ्रेडचीपेक्षा कितीतरी जास्त.

“बापये घरात आणि बायलमाणसां भायर? मगे म्हावरा कोण आणता?”

“बायका.”

“आणि साफ कोण करता?”

“पुरुष.”

“वायच थांब.” काकींनी हात पुसले. “ता पुस्तक मराठीत गावता काय?”

आवडनिवड अशी असते. सुनेच्या मते दुःस्वप्न वाचलं की माणूस जागा राहतो. काकी म्हणतात, आयुष्यभर जागीच आहे, आता एखादं बरं स्वप्न दे. मी काकींच्या बाजूची, जरी कपाटात अ‍ॅटवूड जास्त आहे. जुलमाचं राज्य रचायला फार डोकं लागत नाही, बीडसारखी जुळवाजुळव आपोआप होते. बायका निवांत आहेत असं राज्य रचून दाखवणं अवघड. म्हणूनच तसली पुस्तकं इतकी थोडी, आणि असलेली कोणी वाचत नाही. ‘पालखीचा गोंडा’ नानांनीही वाचलेलं नव्हतं, आणि त्यांनी तर मराठी पुस्तकांची जंत्री पाठ केलेली.

रातांब्यांचं काम मात्र चालूच होतं. फळ दोन्ही हातांत धरून फोडायचं, गर आणि बिया टोपात, साल सुपात. टोपातल्या रसात मीठ घालायचं, सालं त्यात बुडवून गडग्यावर पसरायची, उद्या परत बुडवायची, परत पसरायची. पुटांवर पुटं चढली की सोलां काळी होतात. उरलेल्या रसाचं आगळ. बियांचं मुठेल, पावसाळ्यात भेगाळलेल्या टाचांना. सुनेला हे सगळं यूट्यूबला टाकायचं होतं. काकींनी तिला सूप दिलं.

“अजून एक,” सून सालं पसरता पसरता म्हणाली, “पुस्तक संपतं ना, तेव्हा खरी गंमत आहे. शेवटी २१९५ सालची परिषद आहे. ते राज्य केव्हाच बुडालेलं. एक प्राध्यापक भाषण करतोय, त्या बाईच्या हकिगतीवर. विनोद करतोय. आणि त्याची तक्रार काय? तिनं आपल्या मालकाबद्दल, राज्यकारभाराबद्दल पुरेशी माहिती दिली नाही. ती खरी होती का, कोण होती, यातच सगळे गुंग.”

नानांनी चष्मा काढून पुसला. इतिहासाच्या मास्तरांना ती जागा लागली असावी.

मला १९३३ आठवलं. त्या साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं, विभावरी शिरूरकर या नावानं. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुली. त्यांच्या पगारावर घर चालतं म्हणून आईबापच लग्नाचं बोलत नाहीत. त्यांनाही शरीर आहे, मन आहे, एवढंच त्या गोष्टींत होतं. भविष्य नाही, परराज्य नाही, पुण्या-मुंबईच्या बिऱ्हाडांतली गोष्ट. तरी महाराष्ट्र दोन फळ्यांत फाटला. एक म्हणाले, अश्लील, असं आमच्या घरांत नसतं. दुसरे म्हणाले, असंच असतं. आणि दोन्हीकडच्यांनी मिळून सर्वांत जास्त शाई कशावर खर्च केली? ही विभावरी कोण, बाई आहे की पुरुष, विवाहित की कुमारिका, कोणाच्या घरातली. पुढच्या वर्षी ‘हिंदोळ्यावर’ आली तेव्हा तर विचारायलाच नको. त्या होत्या बाळूताई खरे, पुढे मालतीबाई बेडेकर. आपलं नाव झाकून ठेवलं म्हणून निभावलं. त्याच्या पन्नास वर्षं आधी, १८८२ साली, बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ उघड नावानं छापली. जोतीराव फुले पाठीशी उभे राहिले, पण बाकीच्यांनी अशी राळ उडवली की बाईनं दुसरं पुस्तक लिहिलंच नाही. स. गं. मालशांनी ते १९७५ साली पुन्हा छापलं म्हणून आपल्याला माहीत तरी आहे.

कानिटकरांना मात्र कोणी विचारलं नसावं, की तुमचं लग्न झालंय का हो, आणि घरी बरं आहे ना.

“म्हंजे खरा सांगलान तर ती कोण ता इचारूचा, आणि कल्पना केल्यान तर अतिरेक म्हणाचा,” काकी म्हणाल्या.

नाना म्हणाले, “तसं नाही हो काकी, वाङ्मयीन मूल्य म्हणून काही असतं.”

“असात.” काकींनी बियांचा टोप बाजूला सारला. “माझी एक ऐका. ह्ये गिरणीत होते, लालबागाक. वर्साचे दोन फेरे, शिमगो नि गणपती. हय सगळा मी बघी. भात, गुरा, पोरांची शाळा, पावन्यारावळ्यांचा. मनीऑर्डर येय, ती मी घेय. पोस्टात पुस्तक काढलेला, माझ्या नावार. पोस्टमास्तर माका नावान हाक मारी, हय सगळी अमक्याची बायल म्हणत तरी. मगे तो संप झालो.”

जानेवारी १९८२. दत्ता सामंतांचा. आमच्याकडे ते साल कोणाला सांगावं लागत नाही.

“गिरणी गेली, ह्ये घराक इले. मारूक नाय, गाळी देवक नाय, देवमाणूस. पयल्या सकाळी चाय घेतल्यानी आणि म्हटल्यानी, आता मी इलंय, तू कित्याक जातंस पोस्टात? पुस्तक हाड हय. झाला.” काकी हसल्या. “झगो शिवूक लागाक नाय.”

सुनेनं पुस्तक मिटलं होतं. “काकी, हे मी लिहू?”

“लिव. पण माझा नाव घालू नको. त्या विभावरीसारखा बरासा कायतरी ठेव.” मग त्यांनी समोर पाहिलं. “नायतर नानांच्याच नावान छाप. म्हंजे कोण कायेक इचारूक येवचो नाय.”

“चालेल,” नाना म्हणाले, “पण मग मानधन?”

“ता माझ्या नावार. पोस्टात.”